झाकली मूठ आणि मनातले शल्य

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण बार्शीच्या पेठेत कोणाला शिकवावी लागत नाही. आडतीच्या गादीवर बसणारा मुलगा ती हिशेब शिकण्याच्या आधी शिकतो. हंगामात तुरीत किंवा ज्वारीत किती खोट बसली, कोणत्या गावचे येणे बुडाले, हे बाहेर कळले की दुसऱ्या दिवशी उधारीवर माल मिळणे कठीण होते. घरात लग्नाचा मुलगा वा मुलगी असेल तर सोयरीकही अडते. व्यापारापुरती ही सावधगिरी योग्यच म्हणावी लागेल. परंतु घरातील माणसाच्या मनाला बसलेल्या आघातावरही तीच मूठ मिटली जाते, आणि तेथे ती किती महागात पडते याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

याच बार्शीत एका वेगळ्या दुखण्याची मूठ उघडली गेली होती. ती हकिगत येथे आठवण्यासारखी आहे. १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने, ग्रामीण लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातील अशा प्रकारची ही पहिलीच नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम या ३ तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. (कुंथलगिरीचे सिद्धक्षेत्र ज्या तालुक्यात आहे तो हाच भूम तालुका.) शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. येथे तसे चालण्याजोगे नव्हते, कारण खेड्यातील रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते. म्हणून कर्मचारी गावोगाव जात, लोकांना एकत्र बसवीत, कोणती लक्षणे दिसली तर दुर्लक्ष करू नये हे साध्या भाषेत सांगत, आणि संशयित रुग्णाला तपासणीस यावयास प्रवृत्त करीत. अंगावरून जाण्याची तक्रार सासूपासूनच काय, नवऱ्यापासूनही लपविणाऱ्या स्त्रिया त्या बोलण्यामुळे पुढे येऊ लागल्या. काही वर्षांतच असे आढळले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येत आहेत. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष १९९५ साली आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. या बदलामागे कोणतेही नवे औषध नव्हते. आपल्या शरीरात काय घडत आहे याची जाणीव आणि ते बोलण्याची सोय, एवढेच काय ते नवे होते.

शरीराच्या बाबतीत बार्शीने जे करून दाखविले ते मनाच्या बाबतीत अद्याप व्हावयाचे आहे.

मानसिक आघात म्हणजे नुसते दुःख नव्हे. वृद्ध पित्याच्या निधनाने होणारे दुःख तीव्र असले तरी ते हळूहळू ओसरते. माणूस रडतो, आठवणी काढतो आणि पुन्हा कामाला लागतो. आघातात घडून गेलेली घटना मनाच्या लेखी घडून गेलेलीच नसते. अपघातातून वाचलेल्याला ब्रेकचा आवाज ऐकताच पुन्हा तोच क्षण दिसतो. दुकानाला लागलेली आग पाहिलेला माणूस रात्री दोनदा उठून कुलूप आणि विजेचे बटण तपासतो. छातीत धडधड, झोपमोड, किरकोळ कारणावरून संताप, ज्या रस्त्यावर घटना घडली तो रस्ता टाळणे, माणसांत असून नसल्यासारखे वाटणे, ही त्याची नेहमीची लक्षणे होत. युद्धावरून परतलेल्या सैनिकांत ती पूर्वीपासून दिसत होती, तरी अमेरिकन मनोविकार संघटनेने ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे स्वतंत्र निदान १९८० साली मान्य केले. आघात झालेल्या प्रत्येकाला हा विकार होतो असे नाही. बहुसंख्य माणसे काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतात. महिन्याभरानंतरही लक्षणे टिकून राहिली आणि झोप, धंदा व घर यांत अडथळा येऊ लागला, तर मात्र तो आजार समजावयास हवा.

व्यापारी घरांत तो आजार म्हणून क्वचितच ओळखला जातो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, ज्या घरांतील कर्ती माणसे आठवड्याच्या आत गेली, त्या घरांचा विचार करावा. दुकान उघडणे भाग होते, बँकेचा हप्ता थांबत नव्हता, सुतकातच मालाचे फोन येत होते. धाकटा भाऊ गादीवर बसला आणि सर्वांनी त्याचे कौतुक केले की पोराने धीर सोडला नाही. तो जेवणाच्या ताटावरून मध्येच उठतो, रुग्णवाहिकेचा आवाज आला की त्याला घाम फुटतो, मुलांवर विनाकारण ओरडतो, हे घरातल्यांना दिसते. पण त्याला ‘स्वभाव तापट झाला’ एवढेच नाव मिळते. थोरल्या भावजयीच्या अबोलपणाला ‘धर्माकडे वळली’ असे म्हटले जाते. तिचे उपवास वाढले, याची प्रशंसा होते. ते उपवास श्रद्धेचे की अन्नावरील वासना उडाल्याचे, हे तिला कोणी विचारीत नाही. अशी घरे बार्शीतच काय, प्रत्येक पेठेत आहेत.

आपल्या परंपरेत या स्थितीला अत्यंत नेमका शब्द आहे: शल्य. शरीरात मोडून राहिलेला काटा वा बाणाचे टोक म्हणजे शल्य. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रती कोणाला म्हणावे हे सांगताना शल्यरहित असणे ही अट घातली आहे, आणि माया, मिथ्यात्व व निदान ही ३ शल्ये गणली जातात. त्यांतील माया म्हणजे लपविणे, आत एक आणि बाहेर एक असणे. शल्याचा गुणधर्म असा की वरची त्वचा भरून येते, आतील टोक तसेच राहते आणि नेमके तेथे दाब पडला की माणूस कळवळतो. ज्या ग्रीक शब्दावरून इंग्रजीतील ‘ट्रॉमा’ आला त्याचाही मूळ अर्थ जखम असाच आहे. शास्त्रातील शल्य हे दोषाविषयी आहे आणि आघात झालेला माणूस दोषी नसतो, हा भेद विसरता कामा नये. तरीही आत दडलेली वस्तू प्रथम दिसली पाहिजे, ही दृष्टी दोन्हीकडे समान आहे.

बँकव्यवहाराशी परिचय असलेल्यांना याचे एक व्यावहारिक उदाहरण आठवेल. नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालापूर्वी अनेक बँका थकलेल्या कर्जावरही व्याज आकारून ते उत्पन्नात दाखवीत. ताळेबंद नफ्याचा दिसे. १९९२-९३ पासून नवे निकष आले, थकीत कर्जाला अनुत्पादक म्हणणे भाग पडले आणि कित्येक बँकांचा नफा एका वर्षात नाहीसा झाला. त्या वेळी पुष्कळांना वाटले की निकषांनी बँका बुडविल्या. वास्तविक तोटा आधीच झालेला होता. नोंद तेवढी उशिरा झाली. मात्र वसुलीची खरी कारवाई त्या नोंदीनंतरच सुरू होऊ शकली.

मनातील नोंद म्हणजे काय? ती भावनेला नाव देण्यापासून सुरू होते. ‘कसेतरी होते’ या ऐवजी ‘मला भीती वाटते आहे’, ‘मला राग आला आहे’, ‘मला लाज वाटते आहे’ असे म्हणता येणे ही लहान गोष्ट नाही. कॅलिफोर्नियातील मॅथ्यू लीबरमन व सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना भयभीत वा संतप्त चेहऱ्यांची चित्रे दाखवून त्या भावनेचे नाव निवडावयास सांगितले. नाव देताच मेंदूतील अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया मंदावलेली दिसली. हा भाग म्हणजे धोक्याची घंटा वाजविणारा पहारेकरीच. त्यापूर्वी १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील सर्वांत दुखावणाऱ्या प्रसंगाविषयी लिहावयास सांगितले. लिहिताना त्यांना अधिकच वाईट वाटले. परंतु ज्यांनी घटना आणि त्या वेळची भावना अशी दोन्ही लिहिली, त्यांना पुढील काही महिन्यांत दवाखान्यात जाण्याची गरज कमी पडली. पुढे असे अनेक अभ्यास झाले आणि परिणाम माफकच असतो असे दिसले. म्हणून वहीत लिहिले की दुखणे गेले, असे मानू नये. लिहिण्याने दार उघडते, इतकेच.

दुसरी नोंद शरीराची. आघाताची आठवण शब्दांपेक्षा शरीरात अधिक राहते: आवळलेला जबडा, खांद्यातील ताठरपणा, पोटात पडलेला पीळ. कायोत्सर्ग करणाऱ्यांना शरीराकडे असे तटस्थपणे पाहण्याची सवय असते. आचार्य महाप्रज्ञांनी १९७५ पासून प्रेक्षाध्यानाच्या रूपाने जी पद्धती मांडली तिच्यातही श्वास आणि शरीर यांच्याकडे केवळ पाहणे हा मुख्य भाग आहे. धडधड सुरू झाली तेव्हा ‘ही धडधड आहे, ती रुग्णवाहिकेच्या आवाजाने आली, आज तारीख अमुक आहे, मी माझ्या दुकानात आहे’ असे ज्याला ओळखता येते, त्याच्यासाठी तेव्हाचे आणि आत्ताचे यांच्यात एक भिंत उभी राहू लागते. ज्ञाता-द्रष्टा हा शब्द प्रवचनात पुष्कळदा ऐकू येतो; त्याचा व्यवहारातील उपयोग असा आहे.

येथे एक धोका आहे, आणि तोही आपल्या ग्रंथकारांनी ओळखला होता. स्वतःच्या दुःखाकडे पाहणे आणि त्यात बुडून राहणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. ध्यानाच्या ४ प्रकारांत पहिला प्रकार आर्तध्यान हा आहे. अप्रिय गोष्ट टळावी म्हणून, गेलेले प्रिय परत मिळावे म्हणून, वेदना जावी म्हणून वा भावी भोगांच्या इच्छेने मन एकाच जागी घिरट्या घालीत राहते, ते आर्तध्यान. ते ध्यानच आहे, एकाग्रता त्यातही आहे. पण ते बांधणारे आहे. ‘त्या दिवशी मी गाडी काढू दिली नसती तर’, ‘सोलापूरला आधीच हलविले असते तर’ हे वाक्य दिवसातून शंभर वेळा मनात फिरविणारा माणूस आत्मभान राखीत नसून आर्तध्यान करीत असतो. फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. निरीक्षणात प्रत्येक वेळी काही नवे कळते, घिरटीत तेच वाक्य पुन्हा येते. अशा वेळी आणखी आत पाहण्यापेक्षा उठून चालणे, कोणाशी बोलणे, हाताने काम करणे अधिक हिताचे.

किल्लारीच्या भूकंपाने महाराष्ट्राला या विषयाचा मोठा धडा दिला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते आणि दिगंबर घरांत दशलक्षण पर्वाची नुकतीच सांगता झाली होती. बार्शीपासून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवरील लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावे दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. मृतांची संख्या १० हजारांच्या घरात गेली. त्यानंतर कित्येक महिने वाचलेले लोक छपराखाली झोपावयास तयार नव्हते. ज्या माळवदाने उन्हाळ्यात गारवा दिला त्याचीच भीती बसली होती. डॉ. मोहन आगाशे यांना बहुतेक वाचक नट म्हणून ओळखतात. ते मनोविकारतज्ज्ञही आहेत, आणि भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पातून झाला. घर बांधून दिले की पुनर्वसन संपले, ही समजूत त्या काळात प्रथमच गंभीरपणे तपासली गेली.

त्याच भूकंपानंतर पुण्याचे उद्योजक शांतिलाल मुथ्था आणि त्यांनी १९८५ साली स्थापन केलेली भारतीय जैन संघटना यांनी सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. पुढे वाघोली येथे या कार्याला कायमचे स्थान मिळाले. नंतरच्या काळात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही तेथे शिकली. हे कार्य समाजाला दानाचे उदाहरण म्हणून ठाऊक आहे. आघाताच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा आणखी एक अर्थ लागतो. ठरलेल्या वेळी जेवण, शाळेची घंटा, डोक्यावर न पडणारे छप्पर आणि शेजारच्या खाटेवर आपल्यासारखेच सर्वस्व गमावलेला सोबती, ही त्या मुलांची पहिली गरज होती. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ स्त्रीने १९९२ साली आघातातून सावरण्याचे ३ टप्पे मांडले: प्रथम सुरक्षितता, मग आठवण व शोक, मग माणसांशी पुन्हा नाते जोडणे. आत्मभानाचे काम दुसऱ्या टप्प्यात येते. पहिला टप्पा ओलांडून ते करू गेल्यास अपाय होतो. घटनेनंतर लगेच सर्वांना एकदाच बसवून सविस्तर बोलते करण्याची पद्धत १९९० च्या दशकात जगभर रूढ होती. पुढील पाहणीत तिचा लाभ दिसला नाही, काहींना त्रासच झाला. जागतिक आरोग्य संघटना आता तिची शिफारस करीत नाही. म्हणून तिसऱ्याच दिवशी भेटावयास येऊन ‘नेमके काय झाले, सगळे सांग’ असा आग्रह धरणाऱ्या पाहुण्यांनी थोडे थांबावे.

ध्यानशिबिरांविषयीही हेच म्हणता येईल. डोळे मिटून दीर्घकाळ बसल्याने ज्याच्यापुढे तोच प्रसंग उभा राहतो, त्याला दहा दिवसांच्या मौनात पाठविणे ही सेवा होत नाही. त्याने डोळे उघडे ठेवून, थोडा वेळ, शक्य तर चालता चालता श्वास पाहावा, आणि जड वाटले की थांबावे. एक सामायिक ४८ मिनिटांचे असते. आघात झालेल्याने ४ मिनिटांपासून सुरुवात केली तर त्यात काही उणेपण नाही.

याहून कठीण बाब कर्मसिद्धान्ताच्या गैरवापराची. तरुण विधवेला, अपघातात अधू झालेल्या मुलाला ‘पूर्वकर्म’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू सांत्वनाचा असेल. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ‘म्हणजे दोष माझाच’ एवढेच उरते. कर्माचा विचार माणसाने स्वतःच्या पुढील वागणुकीसाठी करावयाचा असतो. दुसऱ्याच्या जखमेवर निकाल देण्यासाठी तो सांगितलेला नाही.

क्षमेचेही तसेच आहे. घरातील वा नात्यातील एखाद्या मोठ्या माणसाने लहान मुलाशी वा मुलीशी अश्लाघ्य वर्तन केले, आणि ते कळूनही मंडळींनी ‘घराण्याची अब्रू’ म्हणून मूठ मिटली, संवत्सरीला वा क्षमावाणीला त्याच माणसासमोर त्या मुलाला हात जोडावयास लावले, तर त्या मुलाला काय शिकविले गेले? आपल्याला जे जाणवते ते खोटे आहे, हे. त्याच्या आत्मभानाच्या मुळावरच घाव बसतो. क्षमा दुखावलेल्याने स्वतःच्या वेळेस, स्वतःहून द्यावयाची असते, आणि ती न देण्याचाही त्याला अधिकार आहे. कायदाही येथे स्पष्ट आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा अपराध कळल्यावर पोलिसांना न कळविणे हाही गुन्हा ठरतो. या एका प्रकरणात झाकल्या मुठीची तडजोड करता येत नाही.

नोंद करावयाची तर ती ऐकणारा कसा असावा? भगवती आराधना या प्राचीन ग्रंथात ज्यांच्यासमोर आलोचना करावयाची त्या आचार्यांच्या गुणांत ‘अपरिस्रावी’ हा एक गुण सांगितला आहे. ज्याच्यातून पाझर होत नाही तो अपरिस्रावी. ऐकलेले बाहेर जाऊ न देणारा. पेठेत सायंकाळी सांगितलेली गोष्ट सकाळपर्यंत कुर्डुवाडीला पोहोचते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गुणाचे मोल वेगळे सांगावयास नको. घरात असा एक माणूस असला तरी पुष्कळ काम होते: आत्या, मोठी वहिनी, लहानपणचा मित्र. त्याने उपाय सांगू नये, दुसऱ्याच्या दुःखाची तुलना देऊ नये, मध्ये बोलू नये. ऐकावे आणि ऐकलेले ठेवावे.

घरातील कानाने भागत नसेल, झोप सुटली असेल, दारू वा झोपेच्या गोळ्यांचा आधार सुरू झाला असेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे शब्द तोंडी येऊ लागले असतील, तर तज्ज्ञाकडे जाण्यास एक दिवसाचाही विलंब नको. आघातावर आता विशेष बोलउपचार उपलब्ध आहेत, त्यांचा गुण येतो, आणि गरजेप्रमाणे औषधेही दिली जातात. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. मराठीत बोलता येते. ओळखीच्या माणसाला दवाखान्याच्या पायरीवर कोणी पाहील या संकोचाने जे थांबतात, त्यांच्यासाठी हा मार्ग सोयीचा आहे.

गोपनीयतेचा प्रश्न २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही सोडविला आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. त्याच कायद्याच्या २१ व्या कलमाने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही वैद्यकीय विमा देण्यास सांगितले आहे. कुटुंबाची पॉलिसी नूतनीकरणास येईल तेव्हा मानसोपचारासाठी रुग्णालयात दाखल होण्याविषयीचे कलम आणि त्याची मर्यादा वाचून घ्यावी. दाखल न होता घेतलेल्या सल्ल्याची फी अनेक पॉलिसींत धरलेली नसते. ती रक्कम घरखर्चाच्या अंदाजात वेगळी ठेवावी लागेल.